मारा ते सेरेंगेटी : एक दिवस सीमेसाठी

श्रोतेहो, नमस्कार.

केनियातलं मसाई मारा आणि टांझानियातलं सेरेंगेटी हे मुळात एकच गवताळ रान. पंधरा लाखांच्या आसपास विल्डबीस्ट, म्हणजे गुरांसारखी दिसणारी मोठी हरणं, आणि त्यांच्या सोबतीला झेब्र्यांचे कळप कोवळ्या गवताच्या मागे वर्षभर तिथे फिरत असतात. प्रवाशाला मात्र मारातून सरळ सेरेंगेटीत उतरता येत नाही. ती वाट १९७७ साली बंद झाली, पर्यटकांसाठी आजही बंदच आहे.

पहिल्या खेपेला मी नकाशावर बोट ठेवून ठरवलं होतं, सकाळी मारात सिंह बघू, संध्याकाळी सेरेंगेटीत चहा घेऊ. प्रत्यक्षात पश्चिमेकडे इसेबानियाच्या सीमानाक्यापर्यंत मोठा वळसा पडला. केनियाच्या सफारी गाड्यांना टांझानियाच्या उद्यानांत जाऊ देत नाहीत, म्हणून पलीकडे सिरारीला सामान उतरवून दुसऱ्या गाडीत चढवलं. सेरेंगेटीच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि फाटक बंद झालं होतं. आतल्या मुक्कामाचे पैसे गेले, त्याहून वाईट म्हणजे पहाट गेली. म्हणून कळकळीनं सांगतो, सीमेसाठी एक अख्खा दिवस मोकळा ठेवा. त्या दिवशी प्राणी दिसतील असं धरूच नका. नऊ-दहा दिवस हाताशी असतील तरच दोन्ही देश करा, नाहीतर एकच निवडून तो निवांत बघा. जाताना नैरोबीला उतरा आणि शेवटी टांझानियातलं न्गोरोंगोरोचं ज्वालामुखी विवर बघून तिथल्याच किलिमांजारो विमानतळावरून परता, म्हणजे तोच रस्ता पुन्हा तुडवावा लागत नाही.

आपल्याला सुट्टी मिळते मे महिन्यात, पण तिकडे मार्च ते मे मोठा पाऊस असतो. दिवाळीपर्यंत बरेच कळप मारा सोडून दक्षिणेकडे निघालेले असतात. मारा नदी ओलांडणारे कळप बघायचे तर ऑगस्ट-सप्टेंबर उत्तम, मग गणपतीच्या तारखा आधी बघून घ्या. विल्डबीस्टची पिल्लं जन्मताना बघायची असतील तर फेब्रुवारीत थेट सेरेंगेटीच्या दक्षिणेला, न्डुटूला जा.

पिवळ्या तापाची लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी टोचून घ्या. तिचा दाखला नसेल तर परत आल्यावर आपल्याच विमानतळावर अडवून वेगळं ठेवू शकतात. आणि चिवडा-लाडू डब्यांतून न्या. प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून, टांझानियात २०१९ पासून बंदी आहे.

दुसऱ्या खेपेला मारा नदीच्या काठावर आम्ही चार तास बसलो. कळप पाण्यापर्यंत यायचा, बिचकून मागे फिरायचा. ऊन कललं तशी चालकानं गाडी सुरू केली आणि म्हणाला, ‘केशो.’ म्हणजे स्वाहिलीत उद्या. या वेळी आमच्या बेतात तो उद्या होता. सकाळी साडेनऊला पहिल्या विल्डबीस्टनं पाण्यात उडी टाकली.

नमस्कार.