पेग शिरत नाही तिथला टेंट

हा पेग बघा, म्हणजे टेंट जमिनीला धरून ठेवणारी खुंटी. चार घाव घातले, टोक वाकलं आणि आत गेलाय जेमतेम बोटभर. अजून ठोकला तर मोडेल, खाली खडकच आहे. अशा जागी माणूस अर्धा तास ठोकत बसतो आणि तेवढ्यात उजेड जातो, म्हणून आधी एकच पेग घेऊन पाच-सहा ठिकाणी टोचून बघायचं, फटीत माती सापडली तर खिळ्यासारखा बारीक पेग तिरका जातो. नाही गेला की नाद सोडायचा. आता टेंट धरणार ते दगडाचं वजन.

जागा बघताना एक लक्षात ठेवा, खडक पाणी पित नाही, त्यामुळे सपाट दिसणारी खोलगट जागा पाऊस आला की थाळीसारखी भरते. जरा उंचवटा बघा, टोकदार खडे वेचून बाजूला करा, मग खालचं शीट घाला आणि त्याच्या कडा टेंटच्या बाहेर डोकावू देऊ नका, नाहीतर वरून ओघळलेलं पाणी शीटवरून सरळ तुमच्या पाठीखाली येतं.

पोल घातले की उभा राहणारा टेंट इथे सोयीचा, पण उभा राहिला म्हणजे पक्का झाला असं नाही हं. रिकामा टेंट वाऱ्यात उडतो आणि मग तो पकडायला पळावं लागतं, त्यामुळे उभा केल्या केल्या आत जड बॅगा टाका.

आता दोऱ्या. बरेच जण टेंटचा लूप, म्हणजे कोपऱ्यावर शिवलेली पट्टीची कडी, सरळ दगडाला अडकवतात, मला ते अजिबात पटत नाही, कारण वाऱ्याने रात्रभर घासून घासून लूप तुटला तर टेंटच गेला, दोरी तुटली तर नुसती दोरी गेली. म्हणून प्रत्येक कोपऱ्याला दोन-तीन मिलिमीटर जाडीची, तीनेक मीटर दोरी वेगळी बांधायची. दोरीच्या दुसऱ्या टोकाला मुठीएवढा दगड किंवा जाडसर काटकी. दोरी ताणून जमिनीवर ठेवली की त्या छोट्या दगडाच्या अलीकडे, म्हणजे टेंटच्या बाजूला, दोरीवर मोठा जड दगड. झालं. वारा दोरी ओढतो, छोटा दगड मोठ्याला येऊन अडकतो, आणि जितकी ओढ जास्त तितका तो घट्ट रुतून बसतो. नुसता मोठा दगड दोरीवर ठेवला तर दोरी खालून हळूहळू निसटते, हा छोटा तिला निसटू देत नाही. आणि दोरी शक्यतो जमिनीलगत निघू दे, वरून खेचली गेली तर मोठा दगडही हलतो.

मोठा दगड जवळपास नाहीच? मग रिकाम्या पिशवीत खडे भरा, तोंड बांधा, तेच वजन.

दगड उचलताना मात्र हात आंधळेपणाने खाली घालू नका, खाली विंचू असू शकतो. पलीकडची कड आधी आपल्याकडे उचलायची, म्हणजे खालचं जे काही असेल ते समोर पळतं आणि दगड मध्ये आड राहतो.

झोपण्याआधी एक फेरी हवीच. नायलॉन दवाने, पावसाने भिजलं की सैल पडतं, संध्याकाळी तबल्यासारखं ताणलेलं कापड रात्री फडफडायला लागतं. टॉर्च घ्या, चारही दोऱ्या बोटाने दाबून बघा, सैल लागली की दोन्ही दगड जरा मागे सरकवा. सकाळी निघताना दगड जिथून उचलले तिथेच, त्याच बाजूने ठेवा, त्यांच्याखाली कुणाचं तरी घर होतं.