नोटीस कुणाला पाठवायची?

ब्लॉकचेनवर कायद्याचा रिसर्च म्हटलं की लोकांना वाटतं बिटकॉइनवर बंदी घालायची की नाही एवढाच वाद असणार. पण या विषयात मुरलेल्या प्राध्यापकांचं काम बघितलं ना, तर एक साधा प्रश्न त्यांचा पाठलाग करत असतो: उद्या काही बिघडलं तर नोटीस कुणाला पाठवायची? बँकेने घोळ घातला तर बँकेला पत्ता असतो, डायरेक्टर असतात. इथे, ब्लॉकचेनवर, एकच हिशेबाची वही मिळून सांभाळणारे जगभर पसरलेले कॉम्प्युटर्स आणि एक कोड, बस.

२०१६ सालची गोष्ट घ्या. इथेरियम या ब्लॉकचेनवर 'द डीएओ' (डीएओ म्हणजे कोडवर आणि सदस्यांच्या मतांवर चालणारी संघटना) नावाचा फंड उभा राहिला, ना ऑफिस ना सीईओ, सगळं कोडवर, आणि जूनमध्ये कुणीतरी त्या कोडमधली फट शोधून साधारण ३६ लाख इथर (इथेरियमचं चलन) बाजूला वळवले. आता ही चोरी म्हणायची का? कोडमध्ये जे लिहिलं होतं तेच तर झालं! पुढच्याच महिन्यात इथेरियमवाल्यांनी हार्ड फोर्क करून, म्हणजे नियम बदलून चेनची नवी शाखा काढून, ते पैसे परत मिळवले, ज्यांना हे पटलं नाही ते जुन्या चेनवर राहिले, ती आजची इथेरियम क्लासिक. संशोधकाच्या दृष्टीने इथली खरी बातमी हॅक नाहीच. कोडच कायदा म्हणणाऱ्यांच्या जगातही वेळ आली तेव्हा माणसांनीच मिळून निर्णय घेतला, ही आहे. म्हणजे कोडच्या मागे माणसं होतीच.

मग २०२२. अमेरिकेच्या सीएफटीसीने (वायदे बाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) उकी डीएओ या क्रिप्टो ट्रेडिंग चालवणाऱ्या डीएओवर केस केली आणि पहिलाच पेच, समन्स द्यायचं कुठे? त्यांनी ते वेबसाइटच्या हेल्प चॅटबॉक्समधूनही पाठवलं, आणि कोर्टाने अशी बजावणी चालेल असं मान्य केलं! जून २०२३ मध्ये ६,४३,५४२ डॉलरचा दंड. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो, कारण मताचा हक्क देणारं डिजिटल टोकन हातात घेऊन मत देणारे लोक मिळून एक संघटना ठरू शकतात, आणि आपण फक्त मत दिलं असं म्हणून हात झटकता येतीलच असं नाही.

टोर्नेडो कॅशचं प्रकरण याच्या अगदी उलट दिशेला गेलं. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेच्या ट्रेझरीने (अर्थखात्याने) या मिक्सरवर, म्हणजे क्रिप्टो कुणाकडून कुणाकडे गेलं हे लपवणाऱ्या टूलवर, निर्बंध लावले, नोव्हेंबर २०२४ मध्ये अपील कोर्ट म्हणालं की जे स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर आपोआप चालणारा कोड) कुणालाच बदलता येत नाही, कुणाच्या ताब्यात नाही, ती कुणाची मालमत्ताच नाही, मग निर्बंध कसले? कोड सुटला. पण त्याआधीच, मे २०२४ मध्ये, नेदरलँड्सच्या कोर्टाने तो लिहिणाऱ्यांपैकी एकाला मनी लाँडरिंगसाठी ५ वर्षं ४ महिन्यांची शिक्षा सुनावली होती. आता नुसतं टूल बनवणाऱ्यावर किती जबाबदारी टाकायची यावर अभ्यासकांमध्ये जोरात मतभेद आहेत, आणि असायलाच हवेत, कारण इथे चुकीची रेघ ओढली गेली तर उद्या प्रायव्हसीसाठी कोड लिहायला कुणी धजावणार नाही, आणि रेघच नाही ओढली तर फसलेल्या माणसाने जायचं कुठे?

युरोपियन युनियनचा क्रिप्टोसाठीचा मायका कायदा ३० डिसेंबर २०२४ पासून पूर्ण लागू झालाय. मध्यस्थाशिवाय, पूर्णपणे विकेंद्रित पद्धतीने दिलेली सेवा त्याच्या कक्षेबाहेर राहते. पण 'पूर्णपणे' म्हणजे किती, हे कायद्याने सांगितलेलं नाही! त्यामुळे इथे नुसती कलमं वाचून भागत नाही, कोड उघडून बघावं लागतं: ॲडमिन की (कोडवर ताबा देणारी डिजिटल चावी) कुणाकडे आहे, कोड अपग्रेड करायला किती जणांच्या सह्या लागतात, निम्म्याहून जास्त मतं दोन-चार वॉलेटमध्येच तर अडकलेली नाहीत ना. प्रोजेक्ट स्वतःला विकेंद्रित म्हणवतो आणि चावी मात्र तिघांच्याच हातात, असं निघालं तर नोटीस त्या तिघांच्या नावाने निघू शकते.