टप्प्याचं तिकीट आणि टेकवायचं कार्ड

मंडळी, कार्ड टेकवून तिकीट देणारं मशीन गाडीत येणार म्हटलं की लोक आधी विचारतात, आता कंडक्टर जाणार का? मला वाटतं, या मशीनची सगळ्यात जास्त गरज कंडक्टरलाच आहे.

लंडनचा दाखला नेहमी दिला जातो. तिथं २००३ मध्ये ऑयस्टर हे प्रवासाचं टेकवायचं कार्ड आलं, डिसेंबर २०१२ पासून बसमध्ये बँकेचं कार्ड चालू लागलं आणि ६ जुलै २०१४ ला रोख घेणं बंद झालं. पण तिथं बसचं भाडं सरसकट एकच. चढताना ड्रायव्हरजवळ कार्ड टेकवलं की काम संपलं. आपलं तिकीट टप्प्याचं. नागपूरच्या मोरभवन बसस्थानकावर बसलेली बाई मधेच उतरणार की शेवटच्या थांब्यापर्यंत जाणार, ते विचारावंच लागतं. एसटीत तर पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. कुणाचं किती, हे पाहणारा माणूस गाडीत हवाच.

मशीन त्याच्या हातातून काढून घेतं ती चिल्लर. संध्याकाळी बर्डीवरून भरून निघालेल्या गाडीत नोटा मोजायच्या, सुटे शोधायचे, ‘उतरताना घ्या’ म्हणून तिकिटामागे बाकी लिहून द्यायची. आणि डेपोत भरणा करताना रक्कम कमी निघाली तर पदरचे घालायचे. हा त्रास खरंच कमी होऊ शकतो.

मग फोनवरचा क्यूआर पुरेसा नाही का? पुरेसा नाही. प्रवाशाच्या फोनला रेंज हवी, मशीनलाही हवी, आणि पैसे आल्याचा निरोप येईपर्यंत कंडक्टर तिथंच अडकलेला. ४ मार्च २०१९ ला देशात सुरू झालेल्या नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डात रक्कम कार्डाच्या चिपमध्येच असते. कार्ड मशीनजवळ धरलं की तिथल्या तिथं वजा. बँकेशी हिशेब नंतर होतो. कामठी रोड असो की रेंज नसलेलं एखादं खेडं, फरक पडत नाही. मेट्रोत, शहर बसमध्ये, एसटीत एकच कार्ड चालावं, हा आग्रह आपण नागपूरकरांनी धरायला हवा.

आता अडचण. चिपमधली रक्कम खिशातल्या नोटेसारखी असते. कार्ड हरवलं की गेली. शिवाय फोनवरून भरलेले पैसे आपोआप चिपमध्ये उतरत नाहीत, त्यासाठी कार्ड मशीनला लावावं लागतं. लोक इथंच अडतात आणि ‘कार्ड बेकार आहे’ म्हणून घरी टाकून देतात. घरकामाला जाणाऱ्या, रोजीवर काम करणाऱ्या माणसाजवळ रोख असते. त्यानं शंभराची नोट कंडक्टरजवळ द्यावी आणि कंडक्टरनं चालत्या गाडीत, त्याच मशीनवर, त्याच्या कार्डात शंभर रुपये भरून द्यावेत. नवी मशीनं घेताना ही सोय करारातच लिहून घ्या, आणि ज्याला रोख देऊनच तिकीट काढायचं आहे त्याला गाडीतून उतरवू नका.