कानाचं टोक

[रात्रीचे नऊ. इमारतीची मागची बाजू. जिन्याखाली पिवळा दिवा. स्टीलच्या ताटलीवर चमचा वाजतो.]

टण, टण, टण.

चमचा तीनदा वाजला की पाण्याच्या टाकीमागून, मीटरच्या खोलीच्या पत्र्यावरून, स्कूटरच्या सीटवरून एकेक शेपटी उभी राहते. पहिल्या मजल्यावरच्या काकू भातात उकडलेली तारली कालवून आणतात. काटे काढलेले. मूठ मूठ वेगवेगळ्या कागदावर ठेवतात, म्हणजे भांडणं नकोत. अकरा वर्षांचा नेम आहे. पाऊस असला की वॉचमन काका छत्री धरायला येतात, एवढाच काय तो फरक.

मुलुंड पूर्वेतली ही चार मजली, तीन विंगची जुनी सोसायटी. मी इथेच वाढले. आणि याच ताटलीवरून इथले शेजारी एकमेकांशी बोलेनासे झाले होते.

[सूचनाफलक. टाचण्यांनी लावलेला पिवळट कागद.]

‘आवारात मांजरांना खाणे घालण्यास सक्त मनाई आहे.’ कागद अजून तिथेच आहे. काढायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

तक्रारी खऱ्या होत्या, हे मी आधीच सांगून टाकते. मांजरांवर जीव असलेले आमच्यासारखे लोक त्या ऐकूनच घेत नाहीत. जिन्यात घाण व्हायची. बोका भिंतीवर फवारा मारतो, तो वास पावसाळ्यात दिवसेंदिवस हटत नाही. रात्री दोन वाजता दोन बोके समोरासमोर आले की अख्ख्या विंगमधली तान्ही बाळं दचकून रडायला लागायची. तिसऱ्या मजल्यावरची एक ताई गरोदर होती. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा, म्हणजे पोटातल्या बाळाला धोकादायक असा जंतुसंसर्ग, होऊ शकतो असं तिनं ऐकलं होतं आणि जिना उतरताना तिचा जीव मुठीत असायचा. तिची भीती बिनबुडाची नव्हती. फक्त पुढची गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती: ते जंतू बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगे व्हायला किमान एक दिवस लागतो. जिना रोज सकाळी धुतला असता, तर तिची निम्मी काळजी तिथेच मिटली असती. पण जिना धुवायचा कुणी, यावर तीन मीटिंगा झाल्या.

मग ज्याला जे सुचेल ते उपाय सुरू झाले. गेटाशी लाल पाण्याच्या बाटल्या टांगल्या गेल्या. त्यांच्या सावलीत मांजरं झोपायची. कुंड्यांमध्ये डांबरगोळ्या पडल्या, कोपऱ्याकोपऱ्यात फिनेल ओतलं गेलं. ही दोन्ही मांजरांना विषच आहेत. अंगाला लागलेलं मांजर चाटून साफ करतं, आणि फिनेलसारखी रसायनं पचवून बाहेर टाकायची ताकद त्याच्या यकृतात फार कमी असते. एक करडं पिल्लू दोन दिवस लाळ गाळत कारखाली पडून होतं. ते गेलं. ते कुणाला मारायचं नव्हतं, हे मला माहीत आहे. कुंडीतल्या मातीवर मोठे गोटे पसरले असते तरी मांजर तिथे बसलं नसतं.

आणि मग गोणी आली.

[पहाट. रिकामं आवार. झाडूचा आवाज.]

एका पहाटे चार मांजरं गोणीत घालून दूरच्या मासळी बाजारात सोडली गेली. ‘तिथे खायला भरपूर मिळेल’ असं म्हणत. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर वाहावं लागतं, हे आपल्याकडे अजून मनात कुठेतरी असतं. म्हणून मारायचं नाही, सोडून यायचं. पण बाजारातली प्रत्येक फळी, प्रत्येक टोपली आधीपासून तिथल्या मांजरांची असते. अनोळखी मांजराला तिथे पहिल्याच रात्री मार बसतो. नाहीतर ते घराच्या ओढीनं रस्ता ओलांडायला जातं.

इकडे आवारात काय झालं? दीड महिन्यात पाच नवी मांजरं आली. नाल्यापलीकडून, बांधकामाच्या जागेवरून. यात नवल काहीच नाही. तीन विंगच्या ओल्या कचऱ्याचे उघडे डबे तसेच होते, गाड्यांखालची सावली तशीच होती. जागा मोकळी झाली, दुसऱ्यांनी धरली. शिवाय येणारी सगळी न ओळखणारी, हाताला न लागणारी, नसबंदी न झालेली.

हिशेब सोपा आहे. भाटी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. सुमारे 63 ते 65 दिवसांत विते. तीन, चार, कधी पाच पिल्लं. पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा माजावर येऊ शकते. थंड देशांत हिवाळा मध्ये येतो, दिवस लहान होतो आणि हे चक्र थांबतं. आपल्या मुंबईत तशी थंडी पडते कुठे? त्यामुळे पिल्लं जवळजवळ वर्षभर दिसतात. त्यातली कितीतरी मोठी होत नाहीत, हेही आपण बघतो. बघतो आणि गाडी बाहेर काढतो.

[नसबंदीचं केंद्र. टेबलावर टॉवेलमध्ये गुंडाळलेला बोका.]

उपाय नवा नाही. पकडायचं, नसबंदी करायची, जिथून आणलं तिथेच परत सोडायचं. भुलीखाली असतानाच एका कानाचं टोक सरळ कापतात, म्हणजे लांबूनही कळतं की हिचं झालंय, हिला पुन्हा पकडून त्रास द्यायला नको. त्याच वेळी रेबीजची लस टोचतात. बोक्याला एक-दोन दिवस सांभाळलं की पुरे. भाटीचं पोट उघडावं लागतं, तिला तीन ते पाच दिवस तरी बंदिस्त ठेवलेलं बरं.

कायदाही या बाजूला आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार प्राण्याचे उपासमारीनं किंवा तहानेनं हाल होतील असं त्याला सोडून देणं गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 मध्ये प्राण्याला मारणं, विष घालणं, जायबंदी करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आणि 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात की आवारातल्या अशा प्राण्यांना खाणं घालण्याची जागा आणि वेळ ठरवणं ही सोसायटीची जबाबदारी आहे. ती जागा जिन्यापासून, प्रवेशदारापासून, मुलांच्या खेळण्यापासून दूर हवी. म्हणजे फलकावरची आमची मनाई नियमांच्या नेमकी उलटी होती. सेक्रेटरी काकांनी हे नियम मीटिंगमध्ये स्वतः मोठ्यानं वाचले. वाचून झाल्यावर चष्मा काढून बराच वेळ गप्प बसले.

ठराव झाला. वर्गणी निघाली. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचे दोन मुलगे पिंजरे घेऊन आले.

दोन रात्रींत हाताला काय लागलं? एक बोका. तोही लंगडा.

मांजराला अनोळखी माणूस पन्नास पावलांवरून कळतो. ती मुलं गेटातून आत आली की आवार रिकामं. तिसऱ्या दिवशी त्यांतल्या एकानं वॉचमन काकांना विचारलं, ‘इथे खायला कोण घालतं?’

ज्या बाईला सोसायटीनं दोन नोटिसा दिल्या होत्या, तिच्याशिवाय या आवारातलं एकही मांजर पिंजऱ्यात जाणार नव्हतं. या सगळ्या प्रकरणात मला कळलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. मांजरांना खाणं घालणाऱ्याला आपण अडचण समजतो. खरं तर मांजरांपर्यंत पोचायचा तेवढाच एक रस्ता असतो. तो बंद केला की उरतं ते गोणी नाहीतर विष.

आणि काकू नाही म्हणाल्या.

[काकूंचं स्वयंपाकघर. गॅसवर पातेलं. खिडकीबाहेर पावसाची धार.]

‘माझ्या हातचं खायला येतात ती,’ त्या म्हणाल्या. ‘विश्वासानं येतात. मीच धरून देऊ?’

मी काय बोलणार? त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. त्यांचं मन वळलं ते आमच्या समजावण्यानं नाही. कबरीमुळे. कबरी म्हणजे काळी-पांढरी-नारिंगी अशी तीन रंगांची भाटी. या रंगाची मांजरं जवळजवळ नेहमी माद्याच असतात. ती जुलैत पाइपांच्या डक्टमध्ये व्याली. मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं म्हणतात. तिनं चार घरं फिरवली, प्रत्येक घरानं हाकललं, मग ती परत डक्टमध्ये आली. त्या रात्री तुफान पाऊस पडला. सकाळी काकूंनी वाकून चारही पिल्लं एकेक करून बाहेर काढली. कबरी बाजूला बसून नुसती बघत होती. काकूंनी पिल्लं जुन्या पातळात गुंडाळली, माळीबुवांकडून खड्डा खणून घेतला आणि हात धुऊन सेक्रेटरी काकांच्या दारावर थाप मारली. ‘पिंजरा कसा लावायचा ते दाखवा.’

त्यानंतर जे घडलं त्यात धावपळ अजिबात नव्हती. पिंजऱ्याचं दार दोरीनं वर बांधून ठेवलं आणि पाच रात्री कागद फक्त पिंजऱ्यात ठेवले. आधी दाराशी, मग थोडे आत, मग पार शेवटाला. टण, टण, टण. तीच वेळ, तोच आवाज. सहाव्या दिवशी दुपारपासून खाणं बंद, कारण भूल द्यायची तर पोट रिकामं हवं. रात्री दोरी सोडली, अगदी मागे चमचाभर तारली ठेवली. दार पडल्याबरोबर पिंजऱ्यावर चादर टाकायची. अंधार झाला की मांजर शांत होतं. पहिला काळू सापडला. दार पडलं तेव्हा काकूंनी डोळे मिटून घेतले होते. चादर मी टाकली.

सहा आठवडे लागले. चौदा मांजरं. त्यांत एक पर्शियनही होती. भाडेकरू घर बदलताना तिला जिन्यात ठेवून गेले होते. केसांच्या गाठी कातडीपर्यंत पोचल्या होत्या, मेमधल्या उकाड्यात ती जगली कशी हेच आश्चर्य. अशी मांजरं रस्त्याची नसतातच. तिला परत आवारात सोडायचा प्रश्न नव्हता. बी विंगमधल्या एका घरानं तिला ठेवून घेतलं. आता ती खिडकीच्या जाळीमागे बसून खाली बघते.

कबरी शेवटची. तीनदा पिंजऱ्याच्या तोंडाशी येऊन मागे फिरली. चौथ्या रात्री काकू पिंजऱ्याशेजारी जमिनीवर बसल्या, गुडघे दुखतात तरी. ‘ये गो बाय,’ म्हणाल्या. ‘ये.’

[दिवस. आवार. भिंतीलगत वाळूचा चौकोन.]

आता काय बदललं? ताटली जिन्याखालून टाकीमागे सरकली, तिथे दिवा बसला. अर्ध्या तासानं कागद उचलले जातात. दूध बंद झालं. मोठ्या मांजरांना ते बहुधा पचत नाही, पोट बिघडतं, आणि जिन्यातली बरीचशी घाण आपल्याच मायेच्या वाटीतून आलेली होती. भिंतीलगत बांधकामातून उरलेली वाळू टाकली. मांजर मोकळी वाळू दिसली की दुसरीकडे जात नाही. दर दोन दिवसांनी ती उपसायची पाळी ठरली आहे, हातमोजे घालून. डक्टला जाळी बसली. पावसात गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारायची सवय मुलांनीच सगळ्यांना लावली. बोक्यांची भांडणं पूर्ण थांबली नाहीत, पण लोक झोपतात. या वर्षी आवारात एकही पिल्लू जन्मलं नाही.

उंदरांचं मात्र खरं सांगायला हवं. मांजरं ठेवा म्हणजे उंदीर जातील, असं आमच्या बाजूचे लोक मीटिंगमध्ये ठासून सांगत होते. न्यूयॉर्कमधल्या एका कचरा केंद्रावर संशोधकांनी 79 दिवस कॅमेरे लावून पाहिलं, 2018 साली ते प्रसिद्ध झालं: तेवढ्या काळात मांजरांनी मोठे उंदीर मारले फक्त दोन. आपल्याकडची घूस तर मांजरालाच मागे सारते. मांजर पकडतं ते चिचुंद्र्या, पाली, सरडे, कधी खारीचं पिल्लू, कधी बुलबुल. घरट्यातून पडलेला बुलबुल कबरीच्या तोंडात मी पाहिला आहे, आणि मला तो विसरता येत नाही. मांजरांची संख्या मर्यादेत हवी, याचं तेही एक कारण आहे. उंदीर हवे नसतील तर कचऱ्याच्या डब्याला झाकण लागतं. ते लावायला अजून एक मीटिंग झाली.

[रात्रीचे नऊ. टाकीमागची जागा. चमच्याचा आवाज.]

कबरीला सोडलं तेव्हा ती पिंजऱ्यातून सुसाट निघाली ती तीन दिवस दिसलीच नाही. काकू रोज तिचा वेगळा कागद मांडायच्या आणि उचलायच्या. चौथ्या रात्री ती स्कूटरवर येऊन बसली. खाली उतरली नाही. काकूंनी कागद सीटवर ठेवला.

आज बारा शेपट्या आहेत. बारा कापलेले कान.

आणि भिंतीवर तेरावा. पांढरा, बारीक, डोळ्याजवळ ताजी जखम. नाल्यापलीकडून आला असावा. दोन्ही कान शाबूत.

काकू चमचा खाली ठेवतात. फोन लावतात.

‘अहो सेक्रेटरी, पिंजरा तुमच्या गॅलरीतच आहे ना?’