हिरा स्वस्त झाला, आता भाव कशाचा?

मंडळी, आधी एक घोळ मिटवू. प्रयोगशाळेतला हिरा म्हणजे अमेरिकन डायमंड नव्हे. तो झिर्कोनियाचा खडा, हिऱ्याशी त्याचं नातं चकाकीपुरतं. मी बोलतोय तो हिरा अस्सल कार्बनचा, कडकपणाही तोच. सराफ भिंग लावून बसला तरी त्याला खात्रीने फरक सांगता येत नाही, यंत्रच लागतं.

तो होतो कसा? हिऱ्याचीच पातळ चकती, धंद्यात तिला 'सीड' म्हणतात, बंद पेटीत ठेवायची. आत हायड्रोजन आणि थोडा मिथेन सोडायचा. मायक्रोवेव्हने वायू तापला की मिथेनमधला कार्बन सुटा होऊन चकतीवर थरावर थर बसतो. काही आठवड्यांनी बाहेर येतो तो चपटा चौकोनी ठोकळा, कडांना काळं धरलेलं. रस्त्यात पडला तर कुणी उचलणार नाही! लेझरने त्या कडा छाटायच्या आणि मग पैलू पाडायचे. प्रचंड दाबाची रीत याहून जुनी, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने १९५४ साली साधलेली. चीनमध्ये तिचा जोर, सुरतेत या वायूच्या पेट्यांचा.

आता भाव. खाणीतल्या हिऱ्यांची बडी कंपनी डी बिअर्सने २०१८ साली 'लाइटबॉक्स' नावाने असे हिरे विकायला काढले, कॅरेटला ८०० डॉलर. हा हौसेचा माल, खाणीतला हिरा तो खरा मानाचा, हे गिऱ्हाइकाच्या मनात बसवायचं, असा माझ्या मते त्यांचा डाव होता. पण बाजार त्यांच्याही खाली घसरला आणि २०२५ मध्ये तो ब्रँड गुंडाळायचं त्यांनीच जाहीर केलं. घसरणारच होता. खाण सुरू करायला वर्षानुवर्षं जातात. पेट्या मात्र भांडवल आणि वीज असेल तो मांडतो.

याची झळ सुरतेला लागली. जगातल्या दहांपैकी जवळपास नऊ हिऱ्यांना पैलू तिथे पडतात. घंटीवर, म्हणजे पैलू पाडायच्या चाकावर, बसलेल्या कारागिराला हिरा खाणीतला असो की पेटीतला, मेहनत तेवढीच. मजुरी मात्र बहुतेकांची नगावर, आणि माल स्वस्त झाला की पहिली कात्री तिलाच लागते. तिकडे आफ्रिकेतल्या बोट्स्वानाचं तर सरकारच डी बिअर्ससोबत खाणींत निम्म्याचं भागीदार. नैसर्गिक हिरा नीतीच्या दृष्टीने 'स्वच्छ' नाही म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी त्या देशातल्या शाळा-दवाखाने कशावर चालतात हेही बघावं.

आणि आपला सराफ? त्याचं गणित उलटं झालंय. पूर्वी अंगठीत हिऱ्याची किंमत मोठी, सोनं नावाला. आता कित्येक अंगठ्यांत खड्यापेक्षा कोंदणाचं सोनं महाग. म्हणून १४ आणि १८ कॅरेटच्या, म्हणजे कमी शुद्धतेच्या स्वस्त सोन्याचं काम वाढतंय. २०२५ पासून ९ कॅरेटलाही हॉलमार्क मिळू लागलाय. खड्याच्या जोरावर विकता येत नाही म्हटल्यावर कारागिरी दाखवावी लागणार, घडणावळीला मान येणार. मला तरी हा बदल आवडतो.

मुलीच्या लग्नात ठेव म्हणून मात्र हा हिरा देऊ नका. मोडायला गेलात तर सोन्याचे पैसे येतील, खड्याचे जेमतेम. खाणीतला हिरा मोडतानाही घट सोसावीच लागते, पण इतकी नाही. घेताना बिलावर सोन्याचं निव्वळ वजन वेगळं, हिऱ्याचं वजन कॅरेटमध्ये वेगळं लिहून घ्या आणि परत घेताना खड्याचे किती देणार, तेही तिथेच विचारा.