चाकावरचा काळा थर

[दृश्य: पुण्यातल्या एका सोसायटीचं पार्किंग. सकाळ. पुढच्या चाकाचा क्लोजअप.]

गाडी काल रात्री दापोलीहून परत आली. जाताना ताम्हिणी घाट उतरली, तिकडे खाऱ्या वाऱ्यात उभी राहिली. आता चारही चाकांवर लाल माती आहे. ती पाण्यानं जाईल, तिची काळजी नको. पुढचं चाक जरा जवळून बघा. मातीखाली, आऱ्यांच्या बेचक्यांत, काळपट तपकिरी थर बसलाय. मागच्या चाकांवर तो फारसा दिसत नाही.

हा थर रस्त्यावरून आलेला नाही, तो गाडीनंच तयार केलाय. ब्रेक दाबला की पॅड डिस्कला घासतात. पॅडचा भुगा आणि बिडाच्या डिस्कचे बारीक लोखंडी कण उडतात, तेही तापलेले. अलॉय चाकाच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या चाकाच्या, रंगावर लॅकरचा पारदर्शक थर असतो, त्यात हे कण रुततात. पाणी लागलं की तिथेच गंजतात. गाडी थांबताना भार पुढे येतो, म्हणून पुढच्या ब्रेकना काम जास्त. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात, त्यांचा भुगा बहुतेक ड्रममध्येच राहतो. घाट खालच्या गिअरमध्ये उतरला तर ब्रेक कमी लागतात आणि हा थरही कमी बसतो. पण मागून कोणी हॉर्न मारत असेल तर हे कुणाच्या लक्षात राहतं!

[दृश्य: बादली, जुना टूथब्रश, रंगाचा मऊ ब्रश, मायक्रोफायबर कापड.]

रुतलेलं लोखंड घासून निघत नाही. जोर लावला तर आधी लॅकर जातं. म्हणून तारेची घासणी घरातच राहू द्या. आणि संडास धुवायचं ॲसिड तर अजिबात नको. चाक क्षणभर लखलखतं खरं, पण त्यातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड लॅकरची वाट लावतं आणि खालचं ॲल्युमिनियम खातं. काही वॉशिंग सेंटरवर चाकांवर सर्रास ॲसिड मारतात. ‘दादा, चाकाला काय लावताय?’ एवढं विचारायला लाजू नये.

काम सावलीत करायचं, आणि चाक हाताला गार लागल्यावरच. तापलेल्या रिमवर रसायन वाळतं आणि डाग पडतात. आधी भरपूर पाणी, मग गाडी धुवायचा शाम्पू. चाकांची बादली आणि कापड वेगळं ठेवा. तेच पाणी बॉनेटवर फिरवलं तर त्यातली कचकच रंगावर रेघा ओढणार.

[दृश्य: हातमोजे. स्प्रे. काही सेकंद नुसता आवाज.]

आता आयर्न रिमूव्हर. फवारा मारून थोडं थांबा. आधी काहीच होत नाही. मग एका नटाच्या कडेला जांभळा ठिपका उमटतो, त्याचा ओघळ होतो, आणि बघता बघता सगळा आरा जांभळ्या रेघांनी भरतो. मघाशी जे काळं दिसत होतं, त्यात लोखंड किती होतं ते आता कळतं. या द्रावणात बहुधा थायोग्लायकोलेट असतं. ते लोखंडाला धरून विरघळवतं, आणि त्यातून हा रंग येतो. वास सडक्या अंड्यासारखा. केस काढायच्या क्रीममध्येही याच कुळातलं रसायन असतं, त्यामुळे घरातल्या एखादीला हा वास लगेच ओळखू येईल. मऊ ब्रशनं हलकं फिरवा, वाळायच्या आत धुऊन टाका. हे पाणी कुंड्यांना घालू नका.

डांबराचे ठिपके मात्र याला दाद देत नाहीत. त्यांना टार रिमूव्हर, तोही कापडावर घेऊन. रॉकेलनंही डांबर निघतं, पण ते टायरवर ओघळलं की रबराचं नुकसान.

[दृश्य: जॅकवर उचललेली गाडी, रिमची आतली बाजू.]

खरी घाण आत असते. चाक काढणार असाल तर जमीन सपाट हवी, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, आणि तिरकस समोरच्या चाकाला दगड लावलेला. नट गाडी उचलायच्या आधी सैल करायचे. एका वेळी एकच चाक, आणि गाडीखाली शिरायचं नाही.

आत वाळलेल्या चिखलाची ढेकळं निघतात. कोकणातून आल्यावर स्टिअरिंग थरथरतंय म्हणून लोक अलाइनमेंटला धावतात, आणि कधीकधी कारण एवढंच असतं: चिखलानं बिघडलेला तोल. आतल्या बाजूला चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं मात्र खरवडू नका.

धुतलं म्हणजे झालं नाही. चाक पूर्ण कोरडं करून त्यावर संरक्षक थर द्यायचा. कार्नोबा मेण छान चमकतं, पण ते सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं, आणि ब्रेकशेजारच्या रिमवर त्याचा टिकाव लागत नाही. चाकांसाठीचं सीलंट काही महिने साथ देतं, सिरॅमिक कोटिंग त्याहून जास्त. पातळ हात, मग कापडानं पुसून घेणं, आणि बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ पाण्यापासून लांब. धूळ त्यानंतरही बसते, पण साध्या शाम्पूनं निघते.

डायमंड कट रिम असेल तर जास्त जपा. तिथे तासलेल्या ॲल्युमिनियमवर फक्त लॅकर असतं. खडा लागून टवका उडाला की पाणी आणि मीठ आत शिरतं, आणि लॅकरखाली पांढऱ्या नागमोडी रेषा पसरायला लागतात. त्या कोटिंगनं जात नाहीत, रिम पुन्हा तासून घ्यावी लागते.

टायरला लावायचं ड्रेसिंग फक्त बाजूच्या भिंतीवर. रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्यावर किंवा डिस्कवर ते गेलं तर गाडी घसरेल, नाहीतर थांबणार नाही.

[दृश्य: पाना नटावर.]

नट समोरासमोरचे, आळीपाळीनं आवळायचे. शेवटचा ताण गाडी खाली उतरवल्यावर, मालकाच्या पुस्तिकेत दिलाय तेवढाच. मग सोसायटीच्या रस्त्यावर एक सावकाश फेरी, दोन-तीनदा हलका ब्रेक. डिस्कवर पाण्यानं आलेला गंजाचा पापुद्रा तेवढ्यात निघतो. आणि ५० ते १०० किलोमीटर झाले की पाना काढून सगळे नट पुन्हा एकदा तपासायचे.