बघणारा कुठे उभा आहे?

[पडद्यावर: व्ही गळ्याचा स्वेटर घातलेला पुरुष. हात पोटावर. पोट चांगलंच पुढे आलेलं.]

जनजागृतीच्या मोहिमांसाठी काढलेले काही फोटो बघूया. १९७० सालचं हे ब्रिटनमधलं पोस्टर. हेल्थ एज्युकेशन कौन्सिलने संततिनियमनाच्या प्रचारासाठी काढलेलं. खाली प्रश्न होता: गरोदर राहायची वेळ तुमच्यावर आली असती, तर तुम्ही जास्त काळजी घेतली असती का?

पोस्टरवर ना आकडेवारी, ना डॉक्टरांचा सल्ला. आणि या माणसाचा चेहरा बघा. हिरमुसलेला आहे. तो हसत असता, तर लोकही हसून पुढे गेले असते.

२०१३ साली स्पेनमधल्या आनार या संस्थेने बालअत्याचाराविरुद्ध एक पोस्टर लावलं. त्यात एका मुलाचे दोन फोटो पट्ट्यापट्ट्यांनी एकत्र छापलेले होते, वर बारीक भिंगांचा थर. मोठ्या माणसाच्या उंचीवरून मुलगा नुसता उदास दिसायचा. साधारण १ मीटर ३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीवरून बघितलं, की त्याच्या चेहऱ्यावर मारहाणीच्या खुणा दिसायच्या आणि शेजारी मदतीचा फोन नंबर. मारणारा माणूस मुलाचा हात धरून तिथेच उभा असला, तरी तो नंबर फक्त मुलालाच दिसत होता.

[पडद्यावर: रहदारीच्या चौकातला भव्य डिजिटल फलक.]

लंडन, मार्च २०१५. घरातल्या मारहाणीविरुद्ध काम करणाऱ्या विमेन्स एड संस्थेची मोहीम, फोटो छायाचित्रकार रँकिन यांचा. स्त्रीचा चेहरा काळानिळा पडलेला. समोरच्या गर्दीतले किती चेहरे फलकाकडे वळलेत, हे एक कॅमेरा ओळखत होता. लोक दुर्लक्ष करून जात राहिले, तर जखमा तशाच. बघणारे वाढले, की वळ पुसट व्हायला लागायचे.

या तिन्ही फोटोंनी बघणाऱ्याला बाजूला उभं राहू दिलं नाही. भळभळतं रक्त दाखवलं की लोक जागे होतात, हे मला पटत नाही. लोक मान फिरवतात.

असा फोटो काढताना स्टुडिओत मात्र सगळं बारकाव्यांवर चालतं. मागे कोरा पडदा, एका बाजूने सॉफ्टबॉक्सचा, म्हणजे पांढरं कापड लावलेल्या दिव्याच्या पेटीचा मऊ उजेड. बुबुळात प्रकाशाचा ठिपका हवाच, तो नसला तर नजर विझलेली वाटते. मजकुरासाठी जागा आधीच मोकळी सोडलेली. वळ रंगवताना मेकअप करणाऱ्याला त्यांचं वयही ठाऊक असावं लागतं. ताजा वळ लालसर-जांभळा, जुना हिरवट-पिवळा. दोन्ही एकाच गालावर आले, की मार रोजचा आहे हे न लिहिताच कळतं.

पण गाल कुणाचा?

मॉडेलचा असेल, तर मोहीम कशाची आहे, एचआयव्हीची, व्यसनमुक्तीची की घरातल्या मारहाणीची, हे संमतिपत्रात स्पष्ट लिहिलेलं हवं. ‘जाहिरातीसाठी’ एवढंच लिहून सही घेणं अन्यायाचं आहे. पोस्टर बघून ओळखीचे लोक तिलाच रुग्ण समजू शकतात.

आणि ज्या व्यक्तीने खरोखर सोसलंय, ती समोर बसली असेल, तर फोटो कुठे लागणार, किती दिवस राहणार, हे आधी सांगायचं. शूटिंग मध्येच थांबवायचा हक्क तिचा. इंटरनेटवर एकदा गेलेला फोटो पूर्णपणे मागे घेता येत नाही, हेही तिला सहीच्या आधी कळलं पाहिजे.